आरएक्स ९०६० एक्सटी की आरटीएक्स ५०६० टीआय: लिनक्सवर गेम खेळणाऱ्याने काय बघून कार्ड घ्यावं?

प्रश्न असा आहे: घरच्या पीसीवर लिनक्स मिंट आहे, मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झचा. खेळणं मुख्यतः एकट्याने खेळायच्या मोठ्या, कथेवर चालणाऱ्या गेमचं. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय, दोन्ही १६ जीबीची, यांत निवड होत नाही. चित्र कुणाचं सरस आणि लिनक्सवर ड्रायव्हर कुणाचा भरवशाचा? शिवाय पीसी अधूनमधून हॉलमधल्या फोर-के टीव्हीला जोडायचा असतो आणि ब्लेंडर शिकायला नुकतीच सुरुवात झाली आहे.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुमच्या वापरासाठी १६ जीबीचं ९०६० एक्सटी घ्या. हा निकाल दोनच गोष्टींनी फिरू शकतो: टीव्हीवर तुम्हाला फोर-के १२० हर्ट्झच हवं असेल, किंवा ब्लेंडर हा पुढे तुमच्या कामाचा भाग होणार असेल. दोन्हींबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण दुकानात पैसे मोजण्याआधी हेच दोन मुद्दे तपासायला हवेत.

'चित्र कुणाचं चांगलं' हा प्रश्न जुना आहे आणि एकेकाळी त्याला सरळ उत्तर होतं. १९९९ च्या सुमाराला मॅट्रॉक्स कंपनीचं जी४०० कार्ड लोक घेत ते त्याच्या स्वच्छ चित्रासाठी. तेव्हा सिग्नल अ‍ॅनालॉग असे आणि कार्डावरचा कन्व्हर्टर किती चांगला, यावर अक्षरं धारदार दिसणार की पुसट हे ठरे. मग २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० वर क्वेक ३ या गेममधला प्रकार उघडकीला आला. ड्रायव्हर गेमच्या फाइलचं नाव ओळखून टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा गुपचूप उतरवत होता. फाइलचं नाव बदललं की चित्र सुधारायचं आणि फ्रेम कमी व्हायच्या. त्या काळात दोन कार्डांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघण्यात खरंच अर्थ होता.

आज तसं नाही. सिग्नल डिजिटल आहे, टेक्स्चर फिल्टरिंग दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे. गेम मूळ रिझोल्यूशनवर, अपस्केलिंग बंद ठेवून, त्याच सेटिंगवर चालवला तर ९०६० एक्सटी आणि ५०६० टीआय यांची फ्रेम डोळ्यांना वेगळी दिसणार नाही. 'एनव्हिडियाचे रंग जास्त उठावदार' किंवा 'एएमडीचे रंग जास्त खरे' असं कुणी सांगितलं तर बहुतेक वेळा तो कलर रेंजच्या सेटिंगचा परिणाम असतो, त्याचं मूळ चिपमध्ये नसतं. फरक पडतो तो चार ठिकाणी: अपस्केलिंग, रे ट्रेसिंग, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) आणि केबलमधून बाहेर जाणारा सिग्नल.

यातलं अपस्केलिंग सगळ्यात महत्त्वाचं, कारण या किमतीच्या कार्डावर नवे गेम १४४०पीला खेळताना तुम्ही ते वापरणारच. 'क्वालिटी' मोड लावला की गेम आतल्या आत साधारण १७०७ बाय ९६० वर रंगवला जातो आणि तिथून २५६० बाय १४४० पर्यंत वाढवला जातो. हिशेब केलात तर पडद्यावरच्या दर १०० पिक्सेलपैकी सुमारे ४४ च कार्डाने खरोखर रंगवलेले असतात. उरलेले आधीच्या फ्रेममधल्या माहितीवरून भरलेले. म्हणजे चित्राचा निम्म्याहून जास्त भाग अपस्केलर किती हुशार आहे यावर ठरतो.

एनव्हिडियाचं अपस्केलर, डीएलएसएस, न्यूरल नेटवर्कवर चालतं आणि २०२५ मध्ये त्यात ट्रान्सफॉर्मर जातीचं नवं मॉडेल आलं. एएमडीच्या अपस्केलरच्या जुन्या आवृत्त्या, एफएसआर २ आणि ३, हे हाताने लिहिलेले अल्गोरिदम होते. तारांचं कुंपण, झाडाची बारीक पानं, पावसाचे थेंब, दूरवरच्या विजेच्या तारा अशा जागी ते लुकलुकायचे, आणि ही तक्रार रास्त होती. एफएसआर ४ आल्यावर मात्र चित्र पालटलं. तेही न्यूरल नेटवर्कवर चालतं आणि अधिकृतपणे एएमडीच्या आरडीएनए ४ पिढीच्या कार्डांसाठी आलं. ९०६० एक्सटी त्याच पिढीतलं आहे, म्हणून ही तुलना आज बरोबरीची झाली आहे. जुनं आरएक्स ६६०० किंवा ७६०० विचारात असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

दोन्ही शेजारी लावून बघितल्यावर माझं मत असं: १४४०पी क्वालिटी मोडला डीएलएसएस ४ अजूनही थोडं पुढे आहे, विशेषतः कॅमेरा वेगाने फिरतो तेव्हा पानांमध्ये आणि केसांमध्ये. एफएसआर ४ त्याच्या बरंच जवळ आलं आहे. एफएसआर ३ त्या दोघांच्याही मागे आहे. ही तुलना स्थिर स्क्रीनशॉटवर करू नका. पात्र जिन्यावरून पळवा, गाडी रात्री निऑनच्या पाट्यांखालून न्या आणि मागे शेपूट उमटतं का ते बघा. अपस्केलरची खरी परीक्षा हालचालीत होते.

आता हेच लिनक्सवर. डीएलएसएस प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) चालतं आणि त्याला एनव्हिडियाचा अधिकृत पाठिंबा आहे. लागणाऱ्या लायब्रऱ्या ड्रायव्हरबरोबरच येतात. बहुतेक गेममध्ये सेटिंगच्या पानावर जाऊन पर्याय निवडला की झालं. एफएसआर ४ चं तसं नाही. गेममध्ये एफएसआर ३.१ असेल तर प्रोटॉनच्या नव्या आवृत्त्या, विशेषतः प्रोटॉन-जीई, त्याला बदलून एफएसआर ४ लावू शकतात; त्यासाठी स्टीममध्ये त्या गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये एक ओळ घालावी लागते. ज्या गेममध्ये फक्त डीएलएसएस आहे तिथे ऑप्टिस्केलर नावाचं साधन वापरून डीएलएसएसच्या जागी एफएसआर ४ बसवता येतं. हे काम अवघड नाही, पण करावं लागतं. आणि ऑप्टिस्केलर ऑनलाइन मल्टिप्लेयर गेममध्ये कधीही लावू नका. अँटी-चीटला तो गेमच्या फाइलींशी केलेला खेळ वाटतो आणि खातं बंद होऊ शकतं. तुम्ही एकट्याने खेळायचे गेम खेळता म्हणून हा पर्याय तुम्हाला सांगतो आहे.

रे ट्रेसिंगबद्दल थोडक्यात. साधं रे ट्रेसिंग, म्हणजे सावल्या आणि प्रतिबिंबं, आरडीएनए ४ वर व्यवस्थित चालतं. आधीच्या पिढीपेक्षा ही मोठी उडी आहे. पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे सगळा उजेडच किरणांनी काढण्यात, एनव्हिडिया स्पष्टपणे पुढे आहे, आणि लिनक्सवर तर जास्तच, कारण उजेडातला दाणेदारपणा साफ करणारं त्यांचं रे रिकन्स्ट्रक्शन प्रोटॉनमधूनही चालतं. पण या वर्गाच्या कार्डावर १४४०पीला पाथ ट्रेसिंग लावून समाधानाने खेळता येईल असे गेम मोजकेच आहेत. फक्त त्यासाठी जास्त पैसे घालू नयेत.

व्हीरॅमच्या बाबतीत मी आग्रही आहे. दोन्ही कार्डं ८ जीबीतही मिळतात, नाव तेच, खोकं जवळजवळ तसंच. ८ जीबीचं घेऊ नका, एनव्हिडियाचं नाही आणि एएमडीचंही नाही. व्हीरॅम कमी पडलं की गेम दर वेळी अडखळतोच असं नाही. बरेच नवे गेम न सांगता टेक्स्चरचा दर्जा उतरवतात: भिंतीजवळ गेलात तरी विटा धूसरच राहतात, पात्राच्या अंगावरचं कापड सपाट दिसतं, आणि फ्रेमचा आकडा मात्र छान दिसत असतो. चित्राच्या दर्जाचा प्रश्न विचारणाऱ्याने ८ जीबी आणि १६ जीबी या फरकाला डीएलएसएस आणि एफएसआरच्या फरकापेक्षा जास्त वजन द्यावं. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, बिल करण्याआधी खोक्यावरचा जीबीचा आकडा स्वतः वाचा आणि तो बिलावरही लिहून घ्या.

आता ड्रायव्हर. इथे मला तुमच्यासाठी एएमडीचं पारडं जड का वाटतं, ते नीट सांगायला हवं.

लिनक्सवर एएमडीचा ड्रायव्हर म्हणजे वेगळं काही उतरवून बसवायचं प्रकरण नाही. त्याचा खालचा भाग, एएमडीजीपीयू, २०१५ मध्ये ४.२ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. वरचा भाग मेसा या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या, प्रकल्पात आहे. व्हल्कन म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची भाषा; गेम ज्या व्हल्कन ड्रायव्हरवर चालतात तो रॅडव्ही २०१६ मध्ये डेव्ह एअर्ली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी सुरू केला, आणि तोही एएमडीच्या बाहेर राहून. पुढे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने स्टीमच्या गरजेपोटी त्यात माणसं आणि पैसा घातला. त्यांनी लिहिलेला एसीओ हा शेडर कंपायलर (गेममधला चित्र काढणारा कोड कार्डाला कळेल असा करणारा) २०२० पासून रॅडव्हीमध्ये मुळातच चालू असतो. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातातल्या गेम-यंत्राच्या आत एएमडीची चिप आहे, त्यामुळे नवा गेम आला की व्हॉल्व्हला तो याच ड्रायव्हरवर चालवून बघावा लागतो. त्याचा फायदा तुमच्या कार्डाला आपोआप मिळतो. २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर, एएमडीव्हीएलके, बंद केला आणि रॅडव्हीलाच अधिकृत मानलं.

या रचनेचं मोल दिसतं ते कार्ड जुनं झाल्यावर. २०१२ मध्ये बाजारात आलेली रेडिऑन एचडी ७००० मालिकेतली कार्डं घ्या. विंडोजवर त्यांना एएमडीने केव्हाच सोडून दिलं. लिनक्सवर मात्र ६.१९ कर्नलमध्ये त्यांना जुन्या रेडिऑन ड्रायव्हरवरून नव्या एएमडीजीपीयूवर आणलं गेलं आणि त्यांच्यावर व्हल्कन काही न करता चालू लागलं. हे काम व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याने केलं. कोड सगळ्यांसमोर असतो तेव्हा कंपनीचा रस संपला तरी कार्ड मरत नाही. आपल्याकडे एकदा घेतलेलं कार्ड सात-आठ वर्षं वापरतात, मग धाकट्या भावाला देतात. अशा घरात ही गोष्ट फार मोलाची आहे.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी आहे, पण ती २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात तिला जाहीर शिवी दिली तेवढ्यावर थांबलेली नाही. गेल्या काही वर्षांत खरा बदल झाला आहे. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्त केला. २०२४ च्या मध्याला ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरमध्ये एक्स्प्लिसिट सिंक आलं. त्याआधी वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था; जुनी ती एक्स११) एनव्हिडिया वापरणाऱ्यांना खिडक्या लुकलुकणं, गेममध्ये जुनी फ्रेम मध्येच झळकणं असा त्रास होता, तो बऱ्याच अंशी गेला. जो कुणी २०२१-२२ मधल्या अनुभवावरून 'लिनक्सवर एनव्हिडिया नकोच' म्हणतो, त्याची माहिती आज जुनी आहे.

तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली, ड्रायव्हरचा वरचा भाग, जिथे व्हल्कन आणि ओपनजीएल राहतात, तो अजून बंदच आहे. मुक्त केलेला खालचा भागही कर्नलबरोबर येत नाही. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर त्याचं मॉड्यूल पुन्हा बनावं लागतं. बहुतेक वेळा ते मुकाट्याने होतं. कधीकधी होत नाही, आणि मग सकाळी काळा पडदा दिसतो. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर त्या मॉड्यूलवर सहीची किल्ली नोंदवावी लागते: ड्रायव्हर बसवताना पासवर्ड मागितला जातो, रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदांनी निघून जातो आणि नवखा माणूस तो चुकवतो. नंतर ड्रायव्हर 'इन्स्टॉल्ड' दिसतो पण चालत नाही, असं कोडं घेऊन लोक माझ्याकडे येतात त्यामागे बहुधा हेच असतं.

दुसरी गोष्ट, डायरेक्टएक्स १२ चे गेम. प्रोटॉनमध्ये ते व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉनमधून व्हल्कनमध्ये बदलले जातात. या वाटेने जाताना एनव्हिडियाची कार्डं विंडोजच्या तुलनेत ठळकपणे वेग गमावतात. गेमगणिक कमीजास्त, पण १० ते २० टक्क्यांची घट अनेकांनी मोजली आहे. एएमडीवर ही घट सहसा इतकी नसते, काही गेममध्ये तर लिनक्सच पुढे असतं. म्हणून विंडोजवर केलेल्या तुलनेत ५०६० टीआय पुढे दिसलं तरी तो आकडा तसाच लिनक्सला लावू नका. डायरेक्टएक्स ११ आणि त्याआधीचे गेम डीएक्सव्हीकेमधून जातात. तिथे दोन्ही कार्डं उत्तम चालतात.

मेसामध्ये एनव्हीके नावाचा एनव्हिडियासाठीचा मुक्त व्हल्कन ड्रायव्हरही तयार होतो आहे. मला त्याच्याकडून मोठ्या आशा आहेत आणि त्याची प्रगती वेगवान आहे. पण आज गेमसाठी पैसे देऊन कार्ड घेताना त्याच्यावर विसंबू नका.

आता तुमच्या लिनक्स मिंटचा प्रश्न, आणि इथे एएमडी घेणाऱ्यांना फटका बसतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो याचा दुसरा अर्थ असा की कर्नल जुना असेल तर ड्रायव्हरही जुना. मिंट २२ सुरुवातीला ६.८ कर्नल आणि मेसा २४.० घेऊन आलं. आरडीएनए ४ कार्डं बाजारात येण्याआधीची ही दोन्ही आहेत. अशा मशीनमध्ये ९०६० एक्सटी बसवलंत तर डेस्कटॉप दिसेल, पण रिझोल्यूशन कमी असेल, खिडकी ओढली की ती मागे रेंगाळेल आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सपुढे कार्डाच्या नावाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं असेल. हा शब्द दिसला की समजायचं, चित्र प्रोसेसर काढतो आहे, कार्ड रिकामं बसलं आहे. कार्ड खराब आहे असं समजून लोक ते परत करतात. दोष कार्डाचा नसतो. मिंट २२.२ मध्ये ६.१४ कर्नल आहे, उबुंटू २४.०४.३ मध्येही तोच कर्नल आणि मेसा २५.० आहे. कार्ड आणण्याच्या आदल्या दिवशी जुन्या कार्डावर असतानाच अपडेट मॅनेजरमधून कर्नल ६.१४ किंवा त्यापुढचा करून घ्या, मेसा आणि फर्मवेअरची पॅकेजंही अद्ययावत करा, आणि मगच कॅबिनेट उघडा.

५०६० टीआय घेतलंत तर काळजी वेगळी. त्याच्या ब्लॅकवेल पिढीला ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो आणि तोही मुक्त मॉड्यूलवालाच. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एकाच आकड्याची दोन पॅकेजं दिसतात, एकाच्या नावाशेवटी 'ओपन' असतं. आधीच्या सवयीने बिन-ओपन निवडलंत तर कार्ड चालणारच नाही. आणि स्टीम फ्लॅटपॅकमधून बसवलं असेल तर ड्रायव्हर अपडेटनंतर फ्लॅटपॅकही अपडेट करा, कारण त्याच्या आत एनव्हिडियाच्या लायब्रऱ्यांची स्वतंत्र प्रत असते आणि दोन्हींचे आकडे जुळावे लागतात. माझं विचाराल तर स्टीम डेब पॅकेजमधूनच घ्या.

टीव्हीचा मुद्दा. एएमडीवर लिनक्सची खरी दुखरी नस हीच आहे. कार्डावर एचडीएमआय २.१ चं पोर्ट आहे, पण एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला मुक्त ड्रायव्हरमध्ये २.१ ची अंमलबजावणी करायला नकार दिला. त्यामुळे लिनक्सवर ते पोर्ट २.० सारखं वागतं. याचा अर्थ आकड्यांत बघा. फोर-के, १२० हर्ट्झ, पूर्ण रंग: ३८४० गुणिले २१६० गुणिले १२० गुणिले २४ बिट, म्हणजे सेकंदाला जवळपास २४ गिगाबिट. एचडीएमआय २.० मधून प्रत्यक्ष चित्रासाठी मिळतात १४.४. ६० हर्ट्झचं चित्र सुमारे १२ मध्ये बसतं, १२० चं बसत नाही. मग १२० हवंच म्हणून सेट केलंत तर रंगाची माहिती एक चतुर्थांशावर आणली जाते, ज्याला ४:२:० म्हणतात. गेमच्या हलत्या चित्रात ते चालून जातं. पण डेस्कटॉपवर काळ्या पडद्यावरची लाल किंवा निळी अक्षरं बघा, कडा फुटलेल्या आणि चिखलासारख्या दिसतात.

यावर तीन वाटा आहेत. टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर अडचणच नाही, निर्धास्त एएमडी घ्या. टीव्ही १२० हर्ट्झचा असून १४४०पी १२० स्वीकारत असेल, आणि बरेच स्वीकारतात, तर तेवढं २.० मध्ये आरामात बसतं. या कार्डाला फोर-केपेक्षा १४४०पीच जास्त मानवेल. तिसरी वाट म्हणजे डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.१ करणारा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर. त्याने फोर-के १२० मिळतं, पण व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) चालेल की नाही हे त्या अ‍ॅडॅप्टरच्या फर्मवेअरवर ठरतं, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. एनव्हिडियाला हा त्रास नाही, कारण त्यांचं २.१ बंद फर्मवेअरच्या आत राहतं. तुमचं मुख्य खेळणं टीव्हीवर आणि फोर-के १२० ला असतं तर मी ५०६० टीआयच सांगितलं असतं.

टीव्ही जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसला किंवा अंधारातलं काहीच दिसेनासं झालं तर कार्डाला दोष देऊ नका. एक बाजू ० ते २५५ ची रेंज पाठवते आणि दुसरी १६ ते २३५ समजते, त्याचा हा परिणाम. टीव्हीच्या मेनूत 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'एचडीएमआय रेंज' असा पर्याय असतो. पीसीकडून फुल पाठवा आणि टीव्हीलाही फुल सांगा. त्याच इनपुटला 'पीसी' किंवा 'गेम' मोड लावा, म्हणजे टीव्ही स्वतःहून केलेली धार-चमक बंद करेल.

एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) हवं असेल तर मिंट सोडावं लागेल. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मुख्यतः एक्स११ वर चालतो, त्याचं वेलँड प्रयोगाच्या अवस्थेत आहे, आणि एक्स११ वर एचडीआर नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये एचडीआर आणि व्हेरिएबल रिफ्रेश रेट दोन्ही डिस्प्ले सेटिंगमध्येच मिळतात. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर एचडीआर नको असलं तरी मी केडीईच सुचवेन. फेडोराची केडीई आवृत्ती किंवा कुबुंटू. मेसाही तिथे लवकर नवं मिळतं, विशेषतः फेडोरावर. कार्ड बदलून चित्रात जेवढा फरक पडेल तेवढाच काही वेळा डेस्कटॉप बदलून पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ब्लेंडर: सायकल्स या त्याच्या मुख्य रेंडर इंजिनात रेंडर करायला एनव्हिडियाचं ऑप्टिक्स वेगवान आहे आणि ड्रायव्हर बसला की लगेच चालतं. एएमडीवर एचआयपी वापरावं लागतं. लिनक्सवर त्याचा रनटाइम वेगळा बसवायचा असतो आणि आवृत्त्या जुळवताना डोकं खपतं. शिकण्यापुरतं मॉडेलिंग, ईव्ही (ब्लेंडरचं झटपट रेंडर करणारं इंजिन) मध्ये काम, छोटे सीन, यांना ९०६० एक्सटी पुरेसं आहे. पण वर्षभरात त्यातून पैसे मिळवायचा विचार असेल, किंवा क्युडा (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारी गणनेची व्यवस्था) मागणारी इतर साधनं वापरायची असतील, तर आत्ताच ५०६० टीआय १६ जीबी घ्या.

बजेट कमी पडलं तर इंटेलचं आर्क बी५८० बघायला हरकत नाही. १२ जीबी आहे, ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच आहे, रचना एएमडीसारखीच स्वच्छ. पण मदरबोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असल्याशिवाय ते घेऊच नका, आणि नव्या गेममध्ये अधूनमधून थांबून दुरुस्तीची वाट बघायची तयारी ठेवा. जुन्या बाजारातली जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० टीआय स्वस्त मिळतात म्हणून आता लिनक्ससाठी घेऊ नका. त्यांच्या पास्कल पिढीला एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका आहे, आणि त्या कार्डांना मुक्त मॉड्यूलही लागू होत नाही. त्यापेक्षा वापरलेलं आरएक्स ६६०० घेतलेलं बरं.

मदरबोर्डाचा उल्लेख तुम्ही केला नाही, म्हणून एक सांगून ठेवतो. ५०६० टीआय पीसीआयच्या फक्त आठ लेनवर (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा) चालतं, ९०६० एक्सटी सोळावर. बी४५० सारखा पीसीआय ३.० चा बोर्ड असेल तर एनव्हिडियाच्या कार्डाला मिळणारी रुंदी आणखी कमी होते. १६ जीबीच्या कार्डावर त्याचा फटका लहान असतो, पण तो एएमडीच्या बाजूने जमा धरा. विजेच्या दृष्टीने ९०६० एक्सटी १६० वॅटच्या आसपास, ५०६० टीआय १८० च्या; चांगल्या कंपनीचा ५५० ते ६५० वॅटचा पीएसयू दोन्हींना पुरतो. बायोसमध्ये 'अबव्ह फोर-जी डीकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार' दोन्ही चालू करा.

आणि मित्रांबरोबर कधी व्हॅलोरंट खेळायचा विचार असेल तर तो लिनक्सवर कोणत्याच कार्डाने चालणार नाही. त्याचं अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. एपेक्स लेजंड्सनेही २०२४ मध्ये लिनक्सचा दरवाजा बंद केला. अशा गेमसाठी वेगळ्या एसएसडीवर विंडोज ठेवणं हाच उपाय.

कार्ड घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक संध्याकाळ त्याला द्या. आधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कार्डाचं नाव आणि १६ जीबी दिसतात का ते बघा. मग मँगोहड (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारं साधन) बसवून तुमचा सगळ्यात जड गेम मूळ रिझोल्यूशनवर, अपस्केलिंग बंद करून लावा आणि व्हीरॅम, तापमान, फ्रेमटाइमची (एक फ्रेम काढायला लागणाऱ्या वेळेची) रेघ बघत तासभर खेळा. पहिल्या काही मिनिटांत शेडर तयार होताना रेघ उसळते, ते सोडून द्या. त्यानंतरही उसळत राहिली तर प्रोटॉनची आवृत्ती बदलून बघा. नंतर एफएसआर ४ क्वालिटीवर लावून तीच जागा पुन्हा खेळा. शेवटी मशीन स्लीपमध्ये टाकून उठवा, मॉनिटर काढून टीव्ही जोडा, आणि पुन्हा उलट करा. कार्डात खरोखर काही बिघाड असेल तर तो एवढ्यात बहुधा उघडा पडतो, आणि दुकानदाराशी बोलताना तुमच्या हातात नेमकी माहिती असते.